व्यवस्थापकांच्या अनुपस्थितीची माहिती कर्मचाऱ्यांना देणारे पत्र कसे लिहावे

व्यवस्थापक काही दिवस कामावर नसतील हे कळवणारे पत्र वरकरणी दोन ओळींचे काम वाटते. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत व्यवस्थापक रजेवर आहेत, सर्वांनी नोंद घ्यावी' एवढे लिहिले, खाली सही केली आणि पत्र फिरवले की जबाबदारी संपली, असा समज पुष्कळ कार्यालयांत असतो. अडचण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होते. दुपारचे चार वाजलेले असतात, यंत्र बंद पडलेले असते, भांडारपाल नव्या पट्ट्याची मागणीचिठ्ठी हातात घेऊन उभा असतो, आज सही मिळाली तरच उद्या माल पाठवू असे पुरवठादाराने सांगितलेले असते, आणि त्या चिठ्ठीवर सही कोणी करायची हे कोणालाच ठाऊक नसते. पत्रात नोंद घ्यायला सांगितले होते आणि ती सर्वांनी घेतलीही होती.

व्यवस्थापक कुठे गेले आणि का गेले याविषयी कर्मचाऱ्यांना उत्सुकता असते. गरज मात्र कोणत्या कामासाठी कोणाकडे जायचे आणि कोणाचा शब्द अंतिम मानायचा, हे कळण्याची असते. त्यामुळे पत्राचा मोठा भाग या गरजेसाठी राखून ठेवावा आणि अनुपस्थितीची बातमी एका वाक्यात उरकावी. पुढील सारे मार्गदर्शन याच धोरणावर बेतलेले आहे.

पत्र कोणाच्या सहीने निघावे

लेखणी हातात घेण्यापूर्वी हा प्रश्न सोडवावा, कारण पत्राचा सूर आणि त्याचे वजन दोन्ही त्यावर अवलंबून असते. रजा आधीपासून ठरलेली असेल आणि काळ दोन-तीन आठवड्यांचा असेल, तर व्यवस्थापकांनी स्वतःच्या सहीने पत्र काढणे सर्वांत स्वाभाविक ठरते. अनुपस्थिती अचानक उद्भवली असेल, दीर्घ असेल किंवा कार्यभार सांभाळणाऱ्या व्यक्तीला नेहमीपेक्षा अधिक अधिकार द्यायचे असतील, तर पत्र व्यवस्थापकांच्या वरिष्ठांकडून निघावे. चौकशी, शिस्तभंगाची कारवाई किंवा तत्सम नाजूक कारण असल्यास मनुष्यबळ विभागाने मजकूर तपासल्याखेरीज कोणीही काहीही पाठवू नये.

यामागचे तत्त्व सोपे आहे. जे अधिकार पत्राने दुसऱ्याकडे सोपवले जात आहेत, ते सोपवण्याचा अधिकार पत्रावर सही करणाऱ्याकडे असला पाहिजे. बहुतेक संस्थांमध्ये आर्थिक अधिकार पदानुसार ठरवून दिलेले असतात आणि ते खालच्या पदाकडे परस्पर देता येत नाहीत. अशा ठिकाणी व्यवस्थापकांनी 'माझ्या वतीने सहायक व्यवस्थापक देयके मंजूर करतील' असे कितीही स्पष्ट लिहिले, तरी लेखा विभाग ते देयक परत पाठवील आणि त्याचे बरोबरच असेल. म्हणून आधी वरिष्ठांची लेखी मंजुरी घ्यावी आणि पत्रात तिच्या तारखेचा उल्लेख करावा.

निर्णयांची यादी

पत्रलेखनातील सर्वांत जास्त वेळ या टप्प्यावर खर्च व्हावा असे मला वाटते, आणि नेमका हाच टप्पा गाळला जातो. व्यवस्थापकांनी, किंवा ते उपलब्ध नसतील तर त्यांच्या जवळच्या सहकाऱ्याने, मागील महिन्याची कामाची दैनंदिनी, पाठवलेल्या ईमेल आणि सही केलेली कागदपत्रे समोर घेऊन बसावे आणि त्या काळात व्यवस्थापकांनी कोणकोणते निर्णय घेतले हे कागदावर उतरवावे. आठवणीवर विसंबून केलेली यादी अपुरी पडते, कारण रोज होणारी किरकोळ कामे माणसाला काम म्हणून आठवतच नाहीत. पाळी बदलून देणे, उशिरा येण्याची सवलत, जादा कामाचे तास, नाराज ग्राहकाला द्यायची सूट, सदोष माल परत घ्यायचा की नाही, नव्या उमेदवाराच्या मुलाखतीची वेळ, साप्ताहिक अहवालावरची सही, अपघाताची नोंद, बाहेरून येणाऱ्या तपासनिसाला सामोरे जाणे, अशी कामे कागदावर येऊ लागली की यादी पाहता पाहता पानभर होते.

त्यानंतर प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करावी. काही निर्णय कार्यभार सांभाळणारी व्यक्ती स्वतः घेईल, काही तिच्यामार्फत वरिष्ठांकडे जातील आणि काही व्यवस्थापक परत येईपर्यंत थांबतील. तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहायला लोक कचरतात. काम थांबवले जात आहे असे लेखी कबूल करणे त्यांना कमीपणाचे वाटते. प्रत्यक्षात 'हा विषय २४ तारखेनंतर हाती घेतला जाईल' हे वाक्य वाचून कर्मचाऱ्याला हायसे वाटते, कारण मग त्याला दर दोन दिवसांनी चौकशी करत फिरावे लागत नाही आणि समोरच्या ग्राहकालाही तो ठाम उत्तर देऊ शकतो.

यादी करताना संगणकावरील मंजुऱ्या वेगळ्या तपासाव्यात. रजेचे अर्ज, खरेदीच्या मागण्या आणि प्रवासखर्चाची देयके अनेक ठिकाणी संगणक प्रणालीतून आपोआप व्यवस्थापकांच्या खात्यात जातात. पत्रात नवे नाव लिहिल्याने प्रणालीला काहीच कळत नाही. अर्ज जुन्याच खात्यात जाऊन पडून राहतात. बहुतेक प्रणालींमध्ये ठराविक तारखांसाठी मंजुरीचे काम दुसऱ्या खात्याकडे वळवण्याची सोय असते. ती सोय पत्र निघण्यापूर्वी सुरू करून, एक चाचणी अर्ज टाकून पाहावा. 'तोपर्यंत माझा पासवर्ड वापरा' ही तोड सोयीची दिसली तरी स्वीकारू नये. पुढे एखाद्या मंजुरीबद्दल वाद झाला, तर ती नेमकी कोणी दिली हे सिद्ध करता येत नाही आणि त्यात दोघेही अडकतात.

कार्यभार सांभाळणाऱ्या व्यक्तीशी बोलणे

आपल्याकडे कार्यभार येणार आहे हे संबंधित व्यक्तीला पत्र वाचून कळणे यासारखी दुसरी वाईट सुरुवात नाही. मसुदा तयार करण्यापूर्वी तिच्याशी समोरासमोर बसून बोलावे, निर्णयांची यादी तिच्यापुढे ठेवावी, तिची स्वतःची रजा किंवा दौरा त्याच काळात नाही ना हे विचारावे आणि तिच्या नेहमीच्या कामातील कोणते काम तेवढ्यापुरते बाजूला ठेवायचे हेही ठरवावे. अनुपस्थिती आठवड्याहून मोठी असेल, तर ही व्यक्तीही एखाद्या दिवशी आजारी पडू शकते हे गृहीत धरून दुसऱ्या क्रमांकाचे नाव ठरवून ठेवावे.

एकाच पदावरील दोघांमध्ये कार्यभार वाटून द्यायची वेळ अनेकदा येते. तेव्हा 'दोघांपैकी कोणाशीही संपर्क साधावा' असे लिहिण्याचा मोह होतो, कारण त्यात कोणी दुखावले जात नाही. मात्र अशा व्यवस्थेत एकाने नाकारलेली रजा दुसऱ्याकडून मंजूर करून घेतली जाते, किंवा दोघेही दुसरा पाहत असेल असे समजून स्वस्थ बसतात. वाटणी विषयवार करावी: पाळ्या, रजा आणि कर्मचाऱ्यांचे प्रश्न एकाकडे, ग्राहक आणि पुरवठादार दुसऱ्याकडे. कोणत्या विषयात कोण हे पत्रात नावानिशी यावे.

तारखा

'पुढील आठवड्यात', 'साधारण पंधरा दिवस', 'महिनाअखेरीपर्यंत' या शब्दप्रयोगांना पत्रात जागा देऊ नये. पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि कामावर परतण्याचा दिवस या तिन्ही तारखा वारासह लिहाव्यात, कारण '२१ तारखेपर्यंत' असे लिहिल्यावर २१ तारखेला व्यवस्थापक भेटतील की नाही यावर दोन माणसांची दोन मते होतात. महिना अंकात न लिहिता अक्षरांत लिहावा. ०४/०५ ही तारीख बहुतेक ठिकाणी ४ मे म्हणून वाचली जाते, तर अमेरिकेतील सहकारी तीच ५ एप्रिल म्हणून वाचतो. वेगवेगळ्या कालविभागांत पसरलेल्या संघासाठी कार्यभार कोणत्या ठिकाणच्या वेळेनुसार बदलेल हेही एका वाक्यात सांगावे.

अर्ध्या दिवसाची अनुपस्थिती, दौऱ्यावर असूनही काही तास उपलब्ध असणे किंवा घरून मर्यादित काम करणे हे प्रकार थोडे अधिक शब्द मागतात. 'दौऱ्यावर असलो तरी संपर्कात आहे' असे लिहिणाऱ्या व्यवस्थापकांना दिवसभर फोन येत राहतात आणि कार्यभार सांभाळणाऱ्याचा अधिकार पहिल्याच दिवशी पोकळ ठरतो. उपलब्ध राहायचेच असेल, तर 'रोज सायंकाळी पाच ते साडेपाच या वेळेत, आणि तेही सहायक व्यवस्थापकांमार्फत' अशी मर्यादा घालावी.

कारण किती सांगावे

कारण सांगणे आवश्यक नसते, आणि सांगायचे असल्यास संबंधित व्यवस्थापकांच्या संमतीनेच सांगावे. 'रजेवर आहेत', 'प्रशिक्षणासाठी बाहेरगावी आहेत', 'कार्यालयीन दौऱ्यावर आहेत' एवढा उल्लेख बहुतेक पत्रांना पुरतो. आजाराचे नाव, रुग्णालय, शस्त्रक्रिया, घरातील अडचण यांतील एकही तपशील दुसऱ्याने लिहिलेल्या पत्रात परस्पर येता कामा नये. हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमावलीच्या कलम ९ मध्ये आरोग्यविषयक माहितीला विशेष संरक्षण दिलेले आहे, आणि इतरत्रही कर्मचाऱ्याची वैद्यकीय माहिती गोपनीय राखण्याचे बंधन नियोक्त्यावर अनेकदा असते. 'वैद्यकीय रजेवर' हा शब्दप्रयोगसुद्धा विचारून वापरावा. नुसते 'रजेवर' लिहिले तर कोणाचे काम अडत नाही.

काही व्यवस्थापकांना आपल्या सहकाऱ्यांना खरे कारण कळावे असे मनापासून वाटते, आणि त्यात गैर काही नाही. अशा वेळी ते त्यांनी स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या सहीच्या पत्रात आणि एकाच वाक्यात लिहावे. कारण जितके लांबते तितके ते स्पष्टीकरणासारखे वाटू लागते, आणि वाचणाऱ्याच्या मनात नसलेल्या शंका तिथूनच उगवतात.

मसुदा

आता प्रत्यक्ष पत्राकडे वळू. विषयाच्या ओळीत विभाग, काळ आणि कामकाजाची व्यवस्था हे तीन घटक यावेत; 'महत्त्वाची सूचना' किंवा 'रजेबाबत' अशा विषयाचे पत्र आठवड्यानंतर शोधताना सापडत नाही. पहिल्या परिच्छेदात तारखा आणि कार्यभार, दुसऱ्यात अधिकारांची मर्यादा, तिसऱ्यात त्या काळात येणाऱ्या बैठका व मुदती आणि शेवटी तातडीच्या प्रसंगी काय करायचे, असा क्रम ठेवल्यास घाईत वाचणाऱ्यालाही पहिल्या चार ओळींत मुख्य गोष्ट कळते. नियोजित रजेसाठी व्यवस्थापकांनी स्वतः लिहायच्या पत्राचा एक नमुना येथे देत आहे.

दिनांक : ३ ऑगस्ट २०२६

प्रति : वितरण विभागातील सर्व कर्मचारी

विषय : १० ते २१ ऑगस्ट या काळातील वितरण विभागाच्या कामकाजाची व्यवस्था

सप्रेम नमस्कार,

मी सोमवार, १० ऑगस्ट ते शुक्रवार, २१ ऑगस्ट २०२६ (दोन्ही दिवस धरून) रजेवर असेन आणि सोमवार, २४ ऑगस्ट रोजी कामावर रुजू होईन. या काळात विभागाचा कार्यभार सहायक व्यवस्थापक श्रीमती (नाव) यांच्याकडे राहील. या व्यवस्थेस संचालकांनी ३१ जुलै रोजी मंजुरी दिली आहे.

दैनंदिन कामाचे वाटप, पाळ्यांतील बदल, तीन दिवसांपर्यंतची रजा आणि ग्राहकांच्या तक्रारी यांबाबत त्यांचा निर्णय अंतिम असेल. विभागाच्या मंजूर मर्यादेतील खरेदीच्या मागण्यांवर त्या सही करतील आणि त्यापुढील मागण्या त्यांच्यामार्फत संचालकांकडे जातील. नव्या वाहतूकदाराशी करायचा करार आणि वार्षिक मूल्यमापन हे दोन विषय मी परतल्यावर हाती घेईन.

दर मंगळवारची विभागीय बैठक नेहमीच्या वेळी होईल. साठ्याचा अहवाल मंगळवार, १८ ऑगस्ट रोजी दुपारी बारापर्यंत श्रीमती (नाव) यांच्याकडे द्यावा. ज्या कागदपत्रांवर माझीच सही लागणार आहे, ती गुरुवार, ६ ऑगस्टपर्यंत माझ्याकडे आणावीत.

रजेच्या काळात मी ईमेल पाहणार नाही. अपघात, आग, चोरी किंवा मोठी खेप अडकून पडणे अशा प्रसंगी श्रीमती (नाव) यांना कोणत्याही वेळी फोन करावा. मला कळवणे आवश्यक आहे किंवा कसे, हे त्या ठरवतील.

आपला,
(सही, नाव, पद)

प्रत : संचालक, लेखा विभाग, मनुष्यबळ विभाग, सुरक्षा विभाग

या नमुन्यातील दोन वाक्यांकडे विशेष लक्ष द्यावे. 'त्यांचा निर्णय अंतिम असेल' हे वाक्य काढून टाकले, तर उरलेले पत्र वाचायला तितकेच सभ्य वाटते. पण मग सहायक व्यवस्थापकांनी नाकारलेली प्रत्येक गोष्ट २४ ऑगस्टला सकाळी व्यवस्थापकांच्या टेबलावर नव्याने येते. दुसरे वाक्य ६ ऑगस्टच्या मुदतीचे आहे. रजा सुरू होण्याच्या आदल्या कामकाजाच्या दिवशी सायंकाळी कागद घेऊन रांग लागते, हे प्रत्येक कार्यालयाला परिचयाचे आहे, आणि मुदत एक दिवस अलीकडे घेतल्याने ती रांग गुरुवारी लागते व शुक्रवार खरोखर कार्यभार हस्तांतरासाठी मोकळा मिळतो.

तातडीचे प्रसंग नाव घेऊन सांगितलेले आहेत हेही पाहावे. 'अत्यंत तातडीच्या कामासाठीच संपर्क साधावा' असे लिहिले की संकोची माणूस आग लागली तरी फोन करत नाही आणि उतावळा माणूस शाईची बाटली संपली तरी करतो. तीन-चार उदाहरणे दिली की दोघांनाही अंदाज येतो.

भाषेबद्दल थोडे सांगायला हवे. पत्र साधे, आदरार्थी आणि थेट असावे. 'याद्वारे सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' अशा सुरुवातीने पत्र अधिकृत वाटते खरे, पण 'करण्यात येईल', 'पाहण्यात येईल', 'निर्णय घेण्यात येईल' अशी क्रियापदे सलग आली की काम कोण करणार हेच पत्रातून नाहीसे होते. 'रजेचे अर्ज तपासले जातील' याऐवजी 'रजेचे अर्ज सहायक व्यवस्थापक तपासतील' असे लिहावे. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य गाळावे. रजा घेणे हा काही अपराध नव्हे. त्याचप्रमाणे 'माझ्या पश्चात सर्वांनी जबाबदारीने वागावे' असा उपदेशही नको, कारण एरवी ते तसे वागत नाहीत असा त्याचा अर्थ निघतो.

अचानक उद्भवलेली अनुपस्थिती

येथे वरची पूर्वतयारी करायला वेळ नसतो आणि माहितीही अपुरी असते. तरीही पूर्ण माहिती मिळेपर्यंत थांबणे चुकीचे ठरते, कारण तोपर्यंत कार्यालयात तर्कांना ऊत येतो. वरिष्ठांनी त्याच दिवशी, शक्यतो पहिल्या काही तासांत, छोटे पत्र काढावे आणि जेवढे ठरले आहे तेवढेच सांगावे. परतण्याची तारीख ठाऊक नसते तेव्हा 'पुढील सूचनेपर्यंत' असे लिहिण्याची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. पुढची सूचना कधी येणार हे तरी लिहिणाऱ्याच्या हातात असते, तेव्हा ती तारीख द्यावी. पत्राचा मजकूर असा करता येईल.

वितरण विभागाचे व्यवस्थापक श्री. (नाव) आजपासून रजेवर आहेत. आज, सोमवार, १० ऑगस्टपासून विभागाचा कार्यभार सहायक व्यवस्थापक श्रीमती (नाव) सांभाळतील. दैनंदिन कामकाज, पाळ्या आणि रजा यांबाबत त्यांचा निर्णय अंतिम राहील. खरेदी आणि देयकांची कागदपत्रे त्यांच्यामार्फत माझ्याकडे पाठवावीत. आज आणि उद्या ठरलेल्या ग्राहकभेटींना त्या उपस्थित राहतील आणि उर्वरित भेटींबाबत संबंधितांना आज सायंकाळपर्यंत कळवतील. पुढील व्यवस्थेविषयी मी शुक्रवार, १४ ऑगस्ट रोजी दुपारपर्यंत पुन्हा लिहीन. श्री. (नाव) यांना विश्रांती मिळावी यासाठी कार्यालयीन कामाकरिता त्यांना फोन किंवा संदेश करू नयेत, ही विनंती.

शेवटचे वाक्य आजारपणाचे सूचक ठरू शकते, म्हणून प्रसंग पाहून 'विश्रांती' हा शब्द काढावा आणि नुसती विनंती ठेवावी. शुक्रवारी नवीन काही सांगण्यासारखे नसले, तरी 'व्यवस्था २१ ऑगस्टपर्यंत अशीच राहील' एवढे पत्र निघालेच पाहिजे. दिलेली तारीख चुकली की त्यापुढच्या कोणत्याही तारखेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

कुटुंबातील मृत्यूमुळे व्यवस्थापक अनुपस्थित असतील, तर त्यांच्या किंवा त्यांच्या निकटवर्तीयांच्या अनुमतीने तेवढा उल्लेख करावा आणि शोकसंदेश व कामकाजाची व्यवस्था एकाच पत्रात मिसळू नये. सांत्वनाच्या चार ओळींखाली देयकांच्या सहीचा विषय आला की दोन्हींची शोभा जाते.

चौकशी सुरू असताना किंवा व्यवस्थापकांना कामापासून दूर ठेवलेले असताना पत्र आणखी आखूड असावे. 'श्री. (नाव) सध्या कामावर उपस्थित नाहीत आणि अमुक तारखेपासून कार्यभार तमुक यांच्याकडे आहे' यापलीकडे काहीही लिहू नये. 'वैयक्तिक कारणास्तव रजेवर' अशी सबब लिहिण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. खरे कारण बाहेर येते तेव्हा व्यवस्थापकांपेक्षा पत्रावर सही करणाऱ्याची विश्वासार्हता जास्त घसरते. आरोप, कारवाई, निर्दोषत्व यांतील एकाही बाजूला झुकणारे विशेषण पत्रात नसावे.

कोणाला, कधी आणि कोणत्या मार्गाने

नियोजित रजेचे पत्र साधारणपणे एक आठवडा आधी निघावे. महिनाभर आधी पाठवलेले पत्र विसरले जाते, आणि आदल्या दिवशी पाठवल्यास सह्या, बैठका व प्रलंबित विषय उरकायला वाव राहत नाही. बाळंतपणाची रजा किंवा दीर्घ प्रतिनियुक्ती यांसारखी काही महिन्यांची अनुपस्थिती असेल, तर पत्र तीन-चार आठवडे आधी काढावे आणि सुरुवातीच्या दोन दिवस आधी त्याची दोन ओळींची आठवण द्यावी.

पाठवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. ज्यांचे काम थेट व्यवस्थापकांच्या हाताखाली चालते, त्यांना पत्र निघण्यापूर्वी तोंडी सांगावे, मग सर्व कर्मचाऱ्यांना पत्र द्यावे आणि त्यानंतर इतर विभागांना प्रती जाव्यात. उलट क्रमाने गेले की शेजारच्या विभागातील कोणीतरी 'तुमचे साहेब रजेवर चालले म्हणे' असे विचारतो आणि आपल्याच विभागातील माणसाला ठाऊक नसते.

सर्वांनाच ईमेल मिळते असे समजू नये. पाळीत काम करणारे, वाहनचालक, सुरक्षारक्षक आणि स्वच्छता कर्मचारी यांच्यापर्यंत बातमी पोहोचवायची असेल, तर पत्राची छापील प्रत सूचना फलकावर लावावी आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ते वाचून दाखवावे. व्हॉट्सअॅपच्या गटावर थोडक्यात संदेश टाकायला हरकत नाही, मात्र अधिकृत पत्र वेगळे असलेच पाहिजे. गटावरचा संदेश संध्याकाळपर्यंत इतर शुभेच्छांखाली गाडला जातो आणि अधिकारांबाबत प्रश्न आल्यावर दाखवायला हाती काही राहत नाही.

ग्राहक, पुरवठादार आणि इतर बाहेरच्या मंडळींना हेच पत्र पुढे पाठवू नये. त्यांना फक्त संपर्काची व्यक्ती, तिचे पद आणि कालावधी यांची गरज असते. अंतर्गत अधिकारांच्या मर्यादा त्यांना कळण्यात कोणाचेच हित नाही. ईमेलच्या स्वयंउत्तरातही तेवढेच असावे. यामागे सुरक्षेचे कारण आहे. वरिष्ठ अधिकारी जागेवर नाहीत हे हेरून त्यांच्या नावाने बनावट ईमेल पाठवायची, 'मी बैठकीत आहे, फोन करू नका, या खात्यात तातडीने रक्कम भरा' असा आदेश द्यायचा आणि लेखा विभागाकडून पैसे काढून घ्यायचे, हा फसवणुकीचा प्रकार जगभर चालतो. म्हणून लेखा विभागाला जाणाऱ्या प्रतीत एक वाक्य मुद्दाम घालावे: 'माझ्या रजेच्या काळात माझ्या नावाने आलेल्या कोणत्याही रक्कम-हस्तांतराच्या किंवा बँक खाते बदलण्याच्या सूचनेवर संचालकांशी प्रत्यक्ष बोलल्याखेरीज कार्यवाही करू नये.'

पाठवण्यापूर्वीची तपासणी

शुद्धलेखन तपासणे ठीकच आहे, पण खरी तपासणी वेगळी असते. मसुदा विभागाबाहेरील एखाद्या सहकाऱ्याच्या हाती द्यावा, एकदा वाचू द्यावा आणि मग तो परत घेऊन विचारावे: येत्या बुधवारी मला दोन दिवसांची रजा हवी असेल तर मी कोणाकडे जाऊ? ग्राहकाने पैसे परत मागितले तर? १८ तारखेचा अहवाल कोणाला देऊ? उत्तर देताना तो अडखळला, तर दोष त्याच्या स्मरणशक्तीला न देता संबंधित वाक्य पुन्हा लिहावे. तारीख आणि वार जुळतात का हे दिनदर्शिका उघडून पाहावे. मागच्या वर्षीच्या पत्रावरून नवे पत्र तयार करताना तारीख बदलली जाते आणि वार तसाच राहतो. जुन्या पत्रातून उतरलेली दुसरी चूक म्हणजे कार्यभार सांभाळणाऱ्याचे जुने नाव, विशेषतः प्रतींच्या यादीत.

पत्र निघाल्यानंतर

रजा वाढली, कार्यभार बदलला किंवा एखादी बैठक पुढे ढकलली गेली, तर जुन्या पत्रावर तोंडी दुरुस्ती न करता नवे छोटे पत्र काढावे. त्यात मूळ पत्राची तारीख द्यावी, नेमके काय बदलले ते सांगावे आणि 'इतर सर्व व्यवस्था पूर्वीप्रमाणेच राहील' असे जोडावे. सूचना फलकावरील जुनी प्रत काढून नवी लावण्याचे काम कोणा एकाला नावाने सोपवावे, नाहीतर दोन्ही पत्रे शेजारी शेजारी लटकत राहतात.

व्यवस्थापक परतल्यावर एक शेवटचे पत्र निघायला हवे, पण ते बहुतेक कार्यालयांत निघतच नाही. त्यामुळे आठवडा उलटला तरी निम्मे कागद सहायकांकडे जात राहतात, आणि संगणक प्रणालीतील मंजुऱ्याही, वळवण्याची मुदत घातलेली नसल्यास, त्यांच्याच खात्यात येत राहतात. 'मी आजपासून रुजू झालो असून विभागाचा कार्यभार पुन्हा माझ्याकडे घेतला आहे. श्रीमती (नाव) यांनी या काळात दिलेले सर्व निर्णय कायम राहतील. ज्या तक्रारींचा पाठपुरावा त्यांच्याकडे सुरू आहे, तो ३१ ऑगस्टपर्यंत त्याच पूर्ण करतील' अशी तीन वाक्ये पुरेशी होतात. हे पत्र रुजू झाल्याच्या दिवशी सकाळीच जावे, आणि ते पाठवण्यापूर्वी व्यवस्थापकांनी सहायकांसोबत अर्धा तास बसून त्या काळात घेतलेल्या निर्णयांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी, कारण निर्णय कायम राहतील असे लिहून दुसऱ्या दिवशी त्यातला एखादा फिरवला, तर पुढच्या रजेच्या वेळी कार्यभार घ्यायला कोणी पुढे येणार नाही.